‘उठा’ तेवढं राहिलं

गिऱ्हाईक पेपर कुठून उघडतं यावरून मी त्याला ओळखतो. क्रिकेटवाला मागून उघडतो, मुलीच्या लग्नाची काळजी असलेला बाप छोट्या जाहिरातींपासून आणि ज्याला नुसतीच गाडीत तोंडासमोर धरायला आडोसा हवा असतो तो कुठूनही. पस्तीस वर्षं बोईसर स्टेशनबाहेर पेपर विकले की एवढं ज्ञान कुणालाही होईल. पण गिऱ्हाइकाची एक जात मी स्टॉल टाकण्याच्या कितीतरी आधी, लहानपणी आमच्या घिवली गावातच ओळखायला शिकलो होतो. ही जात म्हणजे ‘मार्मिक’ साप्ताहिक मधोमध उघडणारे.

आमचे नाना, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, परळला गिरणीत होते. दोन-तीन महिन्यांनी गावी येत, तेव्हा त्यांच्या पिशवीत चार-पाच जुने ‘मार्मिक’ असत. एरवी आमच्या घरात छापील कागद म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर आणि माझं बालभारती. नाना ओटीवर बसून अंक मधोमध उघडायचे. तिथे ‘रविवारची जत्रा’ असे. आठवड्याचं सगळं राजकारण चित्रांत, कुणाचं नाक, कुणाची टोपी, कुणाचं पोट. शेजारपाजारचे जमायचे. ज्यांना अक्षर येत नव्हतं ते जास्त जवळ सरकायचे. आजी सुके बोंबील निवडता निवडता मान वर करून विचारायची, “हा टोपीवाला कोण रे?” नाना नाव सांगायचे. आजी म्हणायची, “नाक बरोबर काढलंय.” त्या पुढाऱ्याला तिने जन्मात पाहिलेलं नव्हतं.

व्यंगचित्राची खरी ताकद मला अजूनही त्या वाक्यात दिसते.

‘मार्मिक’ निघाला १३ ऑगस्ट १९६० रोजी. महाराष्ट्र राज्य होऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते. बाळ ठाकरे त्याआधी ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये व्यंगचित्रं काढत, आर. के. लक्ष्मणही काही काळ तिथेच होते. नोकरी सोडून ठाकऱ्यांनी भाऊ श्रीकांत यांच्याबरोबर स्वतःचं साप्ताहिक काढलं. नाव सुचवलं वडिलांनी, प्रबोधनकारांनी. प्रकाशन झालं दादरच्या बालमोहन विद्यामंदिरात, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या हस्ते. ज्यांच्यावर पुढे कुंचला चालणार होता त्यांनीच पहिला अंक हातात घेतला. हसायची आणि हसून घ्यायची ही रीत तेव्हा मोठ्या माणसांतही होती.

लक्ष्मण पुढे ‘टाइम्स’मध्ये गेले आणि त्यांचा चौकड्याच्या कोटातला सामान्य माणूस कोपऱ्यात उभा राहून सगळं बघत राहिला. त्याने कधी तोंड उघडलं नाही. ठाकऱ्यांच्या चित्रात असा गप्प माणूस नव्हता, कारण त्यांचा माणूस चित्राच्या बाहेर होता. अंक विकत घेणारा, लोकलमध्ये लटकणारा, नोकरी शोधणारा. त्याच्यासाठी ‘मार्मिक’मध्ये याद्या येऊ लागल्या. मुंबईतल्या कंपन्यांत, कचेऱ्यांत कोण कोण अधिकारी आहेत, त्यांत मराठी आडनावं किती. सदराचं नाव होतं ‘वाचा आणि थंड बसा’. टोमणाच तो. मग ते नाव बदललं आणि झालं ‘वाचा आणि उठा’. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली. ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिला दसरा मेळावा भरला. नाना त्या गर्दीत होते. पायातली एक चप्पल तिथे राहिली, ती गोष्ट ते शेवटपर्यंत अभिमानाने सांगायचे.

त्या याद्यांनी ज्यांच्या आडनावांकडे बोट दाखवलं, त्यांच्या घरी काय झालं असेल हे आमच्या ओटीवर कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पुढे कधीतरी नाना ‘मार्मिक’ न घेता यायला लागले. पिशवीत अंकांच्या जागी बिल्ले असत. मी आशेने पिशवी उपसत होतो. नाना म्हणाले, “आता वाचायचं काय त्यात? आता करायचं.” मी दहा-अकरा वर्षांचा असेन. मला फक्त एवढंच कळलं की जत्रा संपली.

पूर्वी चित्रावर चिडायचं ते सरकारने. आमचा पालघर तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातला, आणि त्याच ठाण्याहून इंग्रजी अमलात ‘हिंदुपंच’ निघायचा. त्याच्यावर सरकारने खटला भरला. वाचक त्या वेळी संपादकाच्या बाजूला. पेपरवाल्याच्या जागेवरून मी जे पाहिलं त्यात हीच गोष्ट उलटी झाली. सरकारपेक्षा वाचकच आधी चिडू लागला. वाचक तरी कसं म्हणू, अनुयायी.

२०१२ साल बघा. मे महिन्यात व्यंगचित्रकार शंकर यांच्या १९४९ सालच्या चित्रावरून संसदेत गोंधळ झाला. घटना तयार करायला वेळ लागतोय म्हणून गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब, मागे चाबूक घेतलेले नेहरू. ते चित्र अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात होतं. ज्यांना ते लागलं त्यांचं लागणं मी खोटं म्हणणार नाही; चाबूक दिसला की ज्याच्या आज्यापणज्याने तो खाल्लाय त्याला विनोद आधी दिसत नाही. पण पुस्तकाचे सल्लागार सुहास पळशीकर यांनी राजीनामा दिला, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठातलं त्यांचं कार्यालय फोडलं गेलं. सप्टेंबरमध्ये कानपूरच्या असीम त्रिवेदीला व्यंगचित्रांसाठी मुंबईत अटक झाली, कलम राजद्रोहाचं. तो आर्थर रोड तुरुंगातून सुटला आणि दोन महिने गेले.

१७ नोव्हेंबरला, शनिवारी दुपारी, बाळासाहेब ठाकरे गेले.

रविवारी पहाटे माझ्याकडे गठ्ठे नेहमीपेक्षा जास्त आले आणि सात वाजायच्या आत संपले. पुरवण्या घालायलाही कुणी वेळ दिला नाही. एकजण पेपर घेऊन न उघडताच छातीशी धरून उभा होता. त्याच्याकडून मी पैसे घेतले नाहीत, त्यानेही दिले नाहीत, दोघांच्याही लक्षात आलं नाही. मग शटर खाली ओढून घिवलीला गेलो. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. लांब अणुशक्ती केंद्र तेवढं चालू होतं. नाना ब्याऐंशीचे होते, डोळे अधू झालेले. मी त्यांच्यासाठी एक पेपर राखून ठेवला होता. त्यांनी तो सवयीने मधोमध उघडला, सगळी पानं उलटली आणि विचारलं, “चित्र कुणी काढलंय?”

तोपर्यंत तिकडे पालघरला भलतंच चाललं होतं. एका एकवीस वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं होतं की माणसं रोज मरतात, त्यासाठी शहर बंद कशाला. हा बंद आदरापोटी नाही, भीतीपोटी आहे. तिच्या मैत्रिणीने त्याला लाइक केलं. शिवसेनेच्या स्थानिक पदाधिकाऱ्याने तक्रार दिली. मुलीने मजकूर काढला, माफी मागितली, तरी जमाव तिच्या काकांच्या हाडांच्या दवाखान्यात शिरला आणि तोडफोड झाली. दोघींना अटक झाली, मग पंधरा-पंधरा हजारांच्या जामिनावर सुटल्या.

माझ्या पुतण्याने फोनमध्ये बघून हे सांगितलं. मी त्याला विचारलं, “लाइक म्हणजे काय रे?”

“म्हणजे, काका, मान डोलावली असं समजा.”

“मान डोलावली म्हणून अटक?”

नाना आतून म्हणाले, “तिने लिहिलं होतं काय, ते बरोबर सांगा.”

पुतण्याला सांगता येईना. त्याला दुसऱ्याने सांगितलं होतं, दुसऱ्याला तिसऱ्याने. पुढचे आठ दिवस मी स्टॉलवर हा प्रश्न गिऱ्हाइकांना विचारत राहिलो. तिच्या बाजूने तावातावाने बोलणारे होते, विरुद्ध बोलणारे त्याहून जास्त होते. तिने नेमकं काय लिहिलं ते मूळ जागी वाचलेला एकही माणूस मला भेटला नाही. ‘वाचा आणि उठा’ या सदरातला पहिला शब्द गळून गेला होता.

२७ नोव्हेंबरला दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले. त्याच्या निषेधार्थ २८ ला पालघर बंद. म्हणजे बंदबद्दल चार ओळी लिहिल्या म्हणून सुरू झालेलं प्रकरण दुसऱ्या बंदावर येऊन थांबलं, आणि पालघरच्या भाजीवाल्यांची दोनदा नासाडी झाली. त्या दोघींना लावलेल्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ अ कलमाविरुद्ध दिल्लीच्या श्रेया सिंघलने याचिका केली. २४ मार्च २०१५ ला न्यायमूर्ती चेलमेश्वर आणि नरिमन यांनी ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. पालघर तोवर स्वतंत्र जिल्हा झाला होता, आणि देशभरच्या कायद्याच्या पुस्तकांत त्याचं नाव गेलं ते असं.

मग फासा उलटा पडला. २५ सप्टेंबर २०१६, रविवार. राज्यभर मराठा समाजाचे मूक मोर्चे निघत होते. शिवसेनेच्या ‘सामना’च्या रविवार पुरवणीत एक व्यंगचित्र आलं, ‘मूक’ आणि ‘मुका’ या शब्दांवरची कोटी. कोटी हलकी होती, आणि कोपर्डीत बळी गेलेल्या लेकीसाठी गप्प राहून चालणाऱ्या बायाबापड्यांवर ती करायला नको होती, असं माझं स्पष्ट मत. मंगळवारी नवी मुंबईत ‘सामना’च्या कार्यालयावर दगड पडले. उद्धव ठाकऱ्यांना माफी मागावी लागली, चित्रकारालाही. व्यंगचित्रकाराने स्थापन केलेलं दैनिक, आणि माफी व्यंगचित्रासाठी.

त्या मंगळवारी माझ्या स्टॉलवर चार पोरं आली. ओळखीतलीच, दोघांच्या घरी मी पेपर टाकायचो.

“काका, ‘सामना’ सगळे द्या.”

“पैसे?”

आपापसात कुजबुज झाली. मग खिसे उलटे करून त्यांनी पैसे दिले. माझं कमिशन मला मिळालं. पलीकडच्या मोकळ्या जागेत गठ्ठा पेटवला, फोटो काढले. जाताना त्यांतला धाकटा मागे राहिला. हळूच म्हणाला, “काका, ते चित्र कुठल्या पानावर होतं?”

मी सांगितलं, “ते रविवारी होतं बाळा. आज जाळलास तो मंगळवारचा.”

तो हसला, मग हसू नये हे आठवल्यासारखा गप्प झाला. मला तो पोरगा आवडला. निदान नंतर तरी त्याला चित्र बघावंसं वाटलं.

नाना हे ऐकायला नव्हते. पण सप्टेंबर २०२० ला मला त्यांची फार आठवण झाली. कांदिवलीत एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याला शिवसैनिकांनी मारहाण केली. त्याने मुख्यमंत्री उद्धव ठाकऱ्यांवरचं एक व्यंगचित्र व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवलं होतं. काढलेलंही नव्हतं, नुसतं पुढे पाठवलेलं. साठी उलटलेला माणूस, सुजलेला डोळा. ‘मार्मिक’च्या पोटी जन्मलेल्या संघटनेचा हा साठ वर्षांचा हिशोब, आणि तो जमेच्या बाजूला मांडता येणार नाही. शिवसेनेलाच का बोलतोस, असं मला गावात विचारतात. कारण चित्राला हसायला मला त्यांनीच शिकवलं. ज्यांनी कधी चित्र काढलंच नाही त्यांच्याकडून माझी अपेक्षाच नाही.

स्टॉल मी सोडला. पोरं फोनवर वाचतात, म्हणजे वर सरकवतात. आमच्या माळ्यावर नानांची ट्रंक आहे, त्यात पाच ‘मार्मिक’ उरलेत. बाकीचे आईने सुकी मासळी बांधायला वापरले, तिचा दोष नाही, कागद चांगला जाड होता. पाचांपैकी एकाचंही मधलं पान जागेवर नाही. तिथेच सतत उघडून उघडून पिनांतून सुटलं आणि गेलं.

तुमच्या घरात, माळ्यावर, गिरणीत असलेल्या आजोबांच्या पेटीत १९६० ते ६६ मधले अंक असतील तर रद्दीत घालू नका. मधली पानं शाबूत असतील तर मला कळवा. मी बोईसरहून येऊन बघून जाईन, नेणार नाही.