वैद्यकीय मदतनीस : कायदेशीर अधिकारकक्षा

डॉक्टरच्या हाताखाली राहून बीपी व ताप बघणे, जखम धुऊन ड्रेसिंग करणे, इंजेक्शन देणे, सलाइन लावणे, गोळ्यांच्या पुड्या बांधून देणे अशी कामे करणारी, पण स्वतःची डॉक्टर म्हणून नोंद नसलेली व्यक्ती. कर्नाटक सीमेलगतच्या कागल परिसरातील खासगी दवाखान्यांत तिला कंपाउंडर, सिस्टर किंवा ब्रदर म्हणतात. सरकारी यंत्रणेत हीच कामे एएनएम (सहायक परिचारिका-प्रसाविका), आरोग्यसेवक आणि उपकेंद्रावरील समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, यांच्याकडे असतात. या सर्वांनी काय करावे आणि काय करू नये हे सांगणारा एकच कायदा भारतात नाही. अधिकारकक्षा राज्यागणिक बदलते, हे या विषयाचे नेहमी सांगितले जाणारे वैशिष्ट्य. त्याहून गंभीर गोष्ट अशी की खासगी दवाखान्यातील मदतनीसाची कक्षा कोणत्याच राज्याने नीटशी लिहिलेली नाही. डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्या कायद्यांनी मनाई केल्यावर जे शिल्लक राहते, तीच त्याची कक्षा ठरते. जिथे कामांची यादी स्पष्ट लिहिली गेली तिथे मदतनीसाचे काम रुग्णाच्या हिताचे ठरले, आणि जिथे ती लिहिली गेली नाही तिथे जबाबदारी हवेत राहिली, असे उपलब्ध पुराव्यावरून म्हणता येते.

राज्यागणिक फरकाचे मूळ राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. सार्वजनिक आरोग्य, रुग्णालये व दवाखाने हे विषय राज्यसूचीत आहेत, वैद्यकीय व्यवसाय समवर्ती सूचीत आहे आणि उच्च शिक्षणाच्या दर्जाचे निर्धारण केंद्राकडे आहे. कागलला ही विभागणी रोजच्या व्यवहारात दिसते. पुणे–बंगळूर महामार्गाने कागल सोडून दूधगंगा ओलांडली की कोगनोळीला कर्नाटक लागते आणि पुढे निपाणी येते. दोन्हीकडची बोली एक, सोयरीक एक. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात येतो आणि कागलचा रुग्ण बेळगावला जातो. कायदा मात्र कोगनोळीला बदलतो. महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा लागू आहे. तो खाटा असलेल्या रुग्णालयांपुरता आहे. केवळ तपासून औषध देणारी, बिनखाटांची ओपीडी त्याच्या कक्षेत येत नाही. कर्नाटकाचा २००७ चा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा साध्या क्लिनिकलाही नोंदणी सक्तीची करतो. म्हणजे एकाच प्रकारचा कंपाउंडर निपाणीत नोंदणीकृत आस्थापनेत काम करतो, तर कागलमध्ये तो अशा जागी काम करत असू शकतो जिची आस्थापना म्हणून राज्याकडे नोंदच नाही. परिचारिकांचेही तसेच. इकडे १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका कायदा आणि मुंबईची परिषद, तिकडे १९६१ चा कर्नाटकाचा कायदा आणि बंगळूरची परिषद. निपाणीत शिकलेल्या मुलीला कागलच्या रुग्णालयात रीतसर परिचारिका म्हणून लागायचे, तर नोंदणी इकडे करून घ्यावी लागते.

मनाईचे कायदे भरपूर आहेत. १९६१ च्या महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियमाचे कलम ३३ नोंदणीशिवाय व्यवसाय करणे हा गुन्हा ठरवते. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने अशा गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार जिथे व्यावसायिक निर्णय किंवा कौशल्य लागते, तिथे नोंद नसलेल्या मदतनीसाला रुग्णावर उपचार करू देता येत नाहीत. शुश्रूषागृहातील सहायकांच्या कामाची अंतिम जबाबदारीही डॉक्टरवरच टाकलेली आहे. आता इंजेक्शनला कौशल्य लागते की नाही? संहिता याचे उत्तर देत नाही. औषध देण्याचे पाहावे तर १९४८ च्या फार्मसी कायद्याचे कलम ४२ नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणालाही डॉक्टरच्या चिठ्ठीवर औषध तयार करून देऊ देत नाही. डॉक्टरने स्वतःच्या रुग्णाला औषध देण्यास सूट आहे, पण ती डॉक्टरला आहे. काउंटरमागे बसून पुड्या बांधणारा कंपाउंडर त्या सुटीच्या आडोशाला उभा असतो. त्याचा स्वतःचा म्हणून अधिकार कुठेही नोंदलेला नाही.

याउलट सरकारी एएनएमचे उदाहरण आहे. कुशल प्रसूतिसेवेच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये तिला कोणते औषध, किती आणि कधी द्यायचे हे लिहून दिलेले आहे. बाळ जन्मल्यावर रक्तस्राव टाळण्यासाठी ऑक्सिटोसिनचे १० युनिट स्नायूत. गरोदरपणात झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस १० ग्रॅम, प्रत्येक कुल्ल्यात ५ ग्रॅम, आणि लगेच मोठ्या रुग्णालयात रवानगी. २०१४ पासून जंतुसंसर्ग झालेल्या तान्ह्या बाळाला पुढे पाठवण्यापूर्वी जेंटामायसिन देण्याची मुभाही तिला आहे. ही औषधे धोक्याची आहेत, तरी एएनएमच्या हाती ती दिली गेली, कारण मात्रा आणि थांबण्याची जागा दोन्ही ठरवून दिलेल्या आहेत. औषध नियमांच्या अनुसूची ‘के’नेही आरोग्य कार्यक्रमातील बहुउद्देशीय कर्मचारी, एएनएम, अंगणवाडी सेविका यांना औषधवाटपासाठी विक्री परवान्यातून वगळले आहे. गंमत अशी की कारखान्यांच्या बाबतीतही कायदा काटेकोर राहिला. १९४८ च्या कारखाने कायद्याने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्रधारक माणूस सक्तीचा केला. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत बोट कापलेल्या कामगाराला पहिली पट्टी बांधणाऱ्याची पात्रता अशी कायद्याने ठरली. त्याच बोटाला गावातल्या दवाखान्यात टाके घालताना शेजारी उभ्या असलेल्या मदतनीसाची मात्र नाही.

इतर राज्यांचा अनुभव याच दिशेने बोट दाखवतो. छत्तीसगडने २००१ मध्ये कायदा करून तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यातून तयार झालेले ग्रामीण वैद्यकीय सहायक प्राथमिक आरोग्य केंद्रांवर नेमले गेले. नेहमीच्या आजारांच्या बाबतीत त्यांची क्षमता एमबीबीएस वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या तोडीची असल्याचे तेथील तुलनात्मक अभ्यासात आढळले. आसामने २००४ मध्ये तसाच कायदा केला. तो गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रद्द केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. वैद्यकीय शिक्षणाचा दर्जा ठरवणे केंद्राचे काम आहे, हे त्यामागचे कारण. पण त्याच निकालात आसामचा २०१५ चा कायदा टिकला, कारण त्याने या लोकांना डॉक्टर म्हटले नव्हते. मर्यादित कामे करणारे समुदाय आरोग्य व्यावसायिक म्हटले होते. कक्षा आखून घेतली तर राज्याला वाव आहे, एवढे त्यातून स्पष्ट झाले. अमेरिकेत हा फरक आणखी ठळक आहे. कॅलिफोर्नियात प्रशिक्षण घेतलेला वैद्यकीय मदतनीस स्नायूत किंवा त्वचेखाली इंजेक्शन देऊ शकतो, शिरेत सुई घालू शकत नाही; न्यूयॉर्कमध्ये त्याला इंजेक्शनच देता येत नाही. दोन्हीकडची उत्तरे वेगळी आहेत, पण ‘कोणती सुई?’ हा प्रश्न विचारला गेला आहे.

यादी लिहिण्याला तीन आक्षेप घेतले जातात. पहिला इंडियन मेडिकल असोसिएशनचा : शहराला पूर्ण डॉक्टर आणि खेड्याला अर्धा, ही दुय्यम सेवा होय. २०१९ च्या कायद्यातील कलम ३२ ने समुदाय आरोग्य पुरवठादारांना मर्यादित परवान्याची तरतूद केली, तेव्हा संघटनेने याच मुद्द्यावर देशभर विरोध केला. आक्षेप उगाच घेतलेला नाही. १९४६ च्या भोर समितीने एलसीपीएससारख्या कमी मुदतीच्या वैद्यकीय पदविकांविरुद्ध कौल दिला, त्यामागेही समान दर्जाचाच विचार होता. पण ही तुलना पूर्ण डॉक्टर आणि मर्यादित मदतनीस यांच्यात होते. प्रत्यक्षात गावापुढचा पर्याय मर्यादा ठरलेला मदतनीस की मर्यादा न ठरलेला, एवढाच असतो. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या मोजक्या लक्षणांवर नवजात बाळांना जेंटामायसिन देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. त्या स्त्रियांकडे पदवी नव्हती. ठरलेली यादी, नोंदवही आणि देखरेख होती.

दुसरा आक्षेप असा की यादी दिली की बोगस डॉक्टरांचे फावेल. ते आजच फावते आहे. तालुका पातळीवर बोगस डॉक्टर शोधणाऱ्या समित्या आहेत, पण दवाखान्यात शिरलेल्या पथकाला सलाइन लावणारा मदतनीस गुन्हेगार आहे की कर्मचारी, हे ठरवायला हाताशी निकष नसतो. डॉक्टरच्या गैरहजेरीत तो रंगेहाथ सापडला तरच प्रकरण उभे राहते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या पूनम वर्मा खटल्यात होमिओपॅथी डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधे देणे हाच निष्काळजीपणा मानला. कक्षेबाहेर जाणे हा दोष ठरवायचा, तर आधी कक्षा असायला हवी.

तिसरा आक्षेप डॉक्टरांच्या व्यवहारातून येतो : देखरेख आमची आहे, मग यादी कशाला? पण देखरेख म्हणजे शेजारच्या खोलीत असणे की कोल्हापूरहून फोनवर सांगणे? २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी रुग्णाजवळ बसून डॉक्टरशी जोडून देणाऱ्या आरोग्यकर्मींमध्ये परिचारिका, एएनएम, सीएचओसारखे मध्यम स्तरावरील कर्मी आणि सक्षम अधिकाऱ्याने नेमलेले इतर धरले आहेत. खासगी कंपाउंडर त्यांत बसत नाही, पण फोनवरच्या सूचनेने कामे तोही करतो.

सीमाभागात आणखी एक पेच आहे. कागलच्या छोट्या रुग्णालयांत रात्रपाळीला आरएमओ (निवासी डॉक्टर) म्हणून अनेकदा आयुर्वेदाचा बीएएमएस पदवीधर असतो. महाराष्ट्राच्या १९९२ च्या अधिसूचनेमुळे त्याला आधुनिक औषधे देता येतात. पण १९९८ च्या मुख्तियार चंद निकालाने हा हक्क ज्या राज्याचा कायदा तो देतो, त्या राज्यापुरताच ठेवला. त्यामुळे महाराष्ट्राच्या या अधिसूचनेचा आधार कोगनोळीपलीकडे मिळत नाही. २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात फिजिशियन असोसिएट हा गट आला असून केंद्रीय नोंदवहीची सोयही आहे. त्यात किमान २,००० तासांचे शिक्षण अपेक्षित असल्याने वर्षानुवर्षे हाताखाली राहून शिकलेला कंपाउंडर त्याच्याही बाहेर राहतो.

खाटांच्या रुग्णालयांपुरता उपाय महाराष्ट्राच्या हातात आहे. शुश्रूषागृह नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद आली. त्याच नियमांत मदतनीसाने करायच्या आणि न करायच्या कामांचे परिशिष्ट जोडता येईल आणि ते दवाखान्याच्या भिंतीवर मराठीत लावणे सक्तीचे करता येईल. ओपीडींसाठी मात्र वेगळा कायदा लागेल. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही.