एक माणूस, एक नोंद

अमेरिकेतल्या बेघरांच्या नोंदींचा इतिहास आकड्यांच्या वादातून सुरू झाला. देशात अडीच ते साडेतीन लाख बेघर आहेत, असा अंदाज १९८४ साली तिथल्या गृहनिर्माण व नगरविकास खात्याने मांडला. बेघरांसाठी लढणारे कार्यकर्ते वीस-तीस लाख सांगत होते. खात्रीने मोजण्याचे साधन दोघांकडेही नव्हते. निवाऱ्याच्या वहीत त्या रात्रीची नावे चढत. पण तोच माणूस आठवड्याने दुसऱ्या निवाऱ्यात गेला, की तिथे तो नवाच ठरे.

१९८७च्या मॅकिनी कायद्यामुळे केंद्राचा मोठा निधी बेघरांना मदत करण्याच्या कामाला मिळू लागला. मात्र योजना निराळ्या, अर्ज निराळे. एकाच शहरातल्या संस्था आपापला अर्ज आपापल्या परीने भरत. १९९५ पासून खात्याने प्रत्येक भागाकडून एकत्रित अर्ज मागायला सुरुवात केली, आणि पैसा हवा तर एका टेबलाभोवती बसणे भाग पडले.

नोंदी जोडल्या तर काय हाती लागते, हे डेनिस कलहेन या संशोधकाने दाखवले. न्यूयॉर्क व फिलाडेल्फिया या शहरांनी सरकारी निवाऱ्यांतली ये-जा संगणकावर टिपून ठेवली होती. प्रत्येक माणूस एकदाच धरून त्याने ती तपासली. १९८८ ते १९९२ या पाच वर्षांत न्यूयॉर्कच्या लोकसंख्येपैकी तीन टक्क्यांहून अधिक लोक कधी ना कधी निवाऱ्यात राहून गेले होते. एका रात्रीच्या मोजणीत हे दिसणे शक्यच नव्हते. १९९८ साली रँडल कून याच्यासह केलेल्या अभ्यासात न्यूयॉर्कच्या निवाऱ्यांतले सुमारे ८० टक्के एकटे प्रौढ थोडे दिवस राहून निघून जात असल्याचे आढळले. वर्षानुवर्षे तिथेच राहणारे जेमतेम १० टक्के लोक मुक्कामाचे जवळपास निम्मे दिवस व्यापत होते. बेघरपणाकडे पाहण्याची सरकारी दृष्टी या आकड्यांनी बदलली.

२००१ साली संसदेने खात्याला दुबार नावे वगळून मोजणी करण्यास सांगितले. त्यातून एचएमआयएस ही नोंदप्रणाली उभी राहिली आणि २००४ मध्ये तिचे देशव्यापी निकष ठरले. केंद्राचे अनुदान घेणाऱ्या संस्थेला येणाऱ्या प्रत्येकाला ठरावीक प्रश्न विचारणे आले: नाव, जन्मतारीख, सैन्यात होता का, काही अपंगत्व आहे का, काल रात्री कुठे झोपला होता. शेवटचा प्रश्न साधा वाटतो. पण गाडीत, पुलाखाली, इस्पितळात की बहिणीच्या घरी, या उत्तरावर पुढे कोणती मदत मिळू शकते हे पुष्कळ अंशी अवलंबून असते.

सगळ्यांचीच नावे अशी जोडणे मात्र धोक्याचे होते. नवऱ्याच्या मारहाणीतून पळालेल्या बाईचा ठावठिकाणा एका सामाईक यादीतून फुटला, तर तिच्या जिवावरच बेतायचे. २००६च्या जानेवारीत मंजूर झालेल्या महिला अत्याचारविरोधी कायद्याच्या नव्या रूपाने पीडितांसाठी काम करणाऱ्या संस्थांना पीडितांची व्यक्तिगत माहिती या प्रणालीत भरण्यास बंदी केली. या संस्था वेगळी नोंद ठेवतात आणि बाहेर फक्त एकूण आकडे देतात. या साऱ्या इतिहासातला सर्वांत शहाणपणाचा नियम हाच म्हणावा लागेल.

बेघरांविषयीच्या २००९च्या हार्थ कायद्यानंतर, २०१२च्या नियमांनी समन्वित प्रवेशाची अट घातली. त्याआधी गरजूला एकेका संस्थेला फोन करून तीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगावी लागे. आता भागातल्या सर्व संस्थांनी एकाच पद्धतीने गरज तपासून, ज्याची निकड जास्त त्याला आधी घर द्यायचे होते. मोजणीसाठी सुरू झालेली नोंद अशी रांगेतला क्रम ठरवू लागली. घरे मुळातच अपुरी असल्याने त्या क्रमाला फार वजन आले.

कॅलिफोर्नियात राज्य सरकारही स्वतःच्या तिजोरीतून मोठा खर्च करत होते. पण केंद्राची अट त्या पैशाला आपोआप लागू होत नव्हती. २०२१ साली राज्याने कायदा करून आपल्या ठरावीक योजनांतून निधी घेणाऱ्यांनाही एचएमआयएसमध्ये नोंद सक्तीची केली. त्याच वर्षी राज्यातल्या, एकत्रित अर्ज करणाऱ्या ४४ भागांच्या नोंदी एकत्र आणणारी प्रणालीही सुरू झाली. एका भागातून दुसऱ्या भागात गेलेल्या माणसाच्या नोंदी तिच्यात एकमेकींशी जुळवता येतात.