एका ॲक्सलची दोन मापे : मोटरसायकलच्या बेल्टचा ताण आणि मागच्या चाकाची दिशा

१. प्रतिपादन

इंजिनाची शक्ती मागच्या चाकापर्यंत नेण्यासाठी मोटरसायकलमध्ये साखळी, शाफ्ट किंवा दातेरी बेल्ट वापरतात. हार्ले-डेव्हिडसनने १९८० मध्ये ‘स्टर्जिस’ या मॉडेलवर दातेरी बेल्ट बसवला. भारतात विकल्या गेलेल्या ‘स्ट्रीट ७५०’वरही तो होता, आणि विजेवर चालणाऱ्या काही दुचाकींवरही आता दिसतो.

बेल्टचा ताण जुळवणे आणि चाक सरळ करणे ही दोन वेगळी कामे समजली जातात. वास्तविक दोन्ही कामे ॲक्सलच्या डाव्या-उजव्या ॲडजस्टरनेच होतात. दोन्ही ॲडजस्टर सरासरीने किती सरकले यावर ताण ठरतो, आणि त्यांच्या सरकण्यात किती फरक पडला यावर चाकाची दिशा. म्हणून एकाला हात लावला की दुसरे तपासणे आलेच.

२. ताण कशासाठी?

बेल्टचे अंग पॉलियुरेथेनचे असते. ताण पेलतात ते आतले अरॅमिड किंवा कार्बनचे दोर. साखळी लांबते ती पिना आणि बुश झिजल्यामुळे. बेल्टचे दोर जवळजवळ लांबत नाहीत, म्हणून एकदा नीट बसवलेला बेल्ट फार काळ तसाच राहतो. पण याच गुणामुळे बसवतानाची चूकही तो सामावून घेत नाही.

वेग घेताना बेल्टची वरची बाजू ओढली जाते आणि खालची सैल पडते. मूळ ताण कमी असेल तर पुढच्या लहान पुलीवर दाते खाचांतून वर चढतात आणि अखेर उडी मारतात. ताण जास्त असेल तर दोर थकतात, शिवाय गिअरबॉक्सच्या शाफ्टचे आणि चाकाचे बेअरिंग विनाकारण दबून झिजतात.

३. ताणाचे मोजमाप

रूढ पद्धत अशी : खालच्या बाजूच्या मधोमध सुमारे ४.५ किलो (१० पौंड) जोर लावायचा आणि बेल्ट किती मिलिमीटर सरकतो, म्हणजे प्ले किती, ते पाहायचे. यामागचे गणित सोपे आहे. लावलेल्या जोराला मोकळ्या लांबीने गुणून प्लेच्या चौपटीने भागले की ताण अंदाजे मिळतो. मोकळी लांबी ६०० मिमी आणि प्ले १० मिमी असेल, तर ताण सुमारे ६८ किलो भरतो. प्ले ८ मिमी झाला की तोच ताण ८४ किलोपर्यंत जातो. दोन मिलिमीटरच्या चुकीने ताण पाव हिश्शाने बदलतो, म्हणून अंगठ्याच्या अंदाजावर न विसंबता स्प्रिंगचा गेज वापरावा.

मापाला तीन अटी आहेत. पहिली, गाडी थंड हवी. ॲल्युमिनियमचा ६०० मिमी लांबीचा स्विंगआर्म ४० अंशांनी तापला की अर्धा मिलिमीटर वाढतो. बेल्टचे दोर तसे वाढत नाहीत, त्यामुळे गरम गाडीत बेल्ट अधिक ताठ लागतो. दुसरी, सस्पेन्शनची स्थिती मॅन्युअलप्रमाणे हवी. पुढच्या पुलीचे आणि स्विंगआर्मच्या पिव्हटचे केंद्र बहुधा एक नसते, म्हणून चाक वर-खाली होताना पुलींमधले अंतर बदलते. पुली, पिव्हट आणि ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा ते सर्वाधिक असते. तिसरी, चाक पाव-पाव फेरा फिरवून चार ठिकाणी माप घ्यावे आणि जिथे बेल्ट सर्वांत ताठ लागतो ते माप धरावे.

बेल्ट छेडून त्याची कंपनसंख्या मोजण्याचीही पद्धत आहे. इथे तानपुऱ्याच्या तारेचाच नियम लागतो : कंपनसंख्या दुप्पट झाली तर ताण चौपट झालेला असतो.

४. दिशेचे मोजमाप

दोन्ही ॲडजस्टरमध्ये २५० मिमी अंतर आहे असे धरू. एक बाजू १ मिमी पुढे राहिली, तर चाक ०.२३ अंशाने तिरपे होते. दातेरी बेल्टसाठी यंत्रशास्त्रात पाव अंशाची मर्यादा सर्वसाधारणपणे मानतात. ती एका मिलिमीटरमध्ये जवळजवळ संपते. हीच तिरपी रेषा १५०० मिमी पुढे, पुढच्या चाकापाशी, ६ मिमी बाजूला गेलेली असते. तिरप्या बेल्टची कड पुलीच्या काठावर घासते आणि कडेचे दोर आधी उसवतात.

स्विंगआर्मवरच्या खुणा अंदाजापुरत्याच असतात. टोकदार सळईने पिव्हटच्या केंद्रापासून ॲक्सलच्या केंद्रापर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजावे आणि ते सारखे करावे. मग चाक हाताने, गाडी पुढे जाते त्याच दिशेने फिरवून बेल्ट कुठे धावतो ते पाहावे. काठाला हलका स्पर्श चालतो. काठावर चढणे चालत नाही. अंतरे सारखी असूनही बेल्ट चढत असेल तर वाकलेला स्विंगआर्म, झिजलेले बुश किंवा चुकीच्या बाजूला बसलेला स्पेसर शोधावा. ॲक्सल तिरपा करून हा दोष झाकू नये.

५. कामाचा क्रम

इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, किल्ली काढलेली. ॲक्सलचा नट सैल करून चाक पुढे ढकलावे, म्हणजे ते दोन्ही ॲडजस्टरला टेकते. आधी दोन्ही बाजूंची अंतरे जुळवावीत, मग दोन्ही ॲडजस्टर सारखेच फिरवून ताण आणावा. एम८ मापाच्या स्क्रूचा आटा १.२५ मिमीचा असतो. षट्कोनी डोक्याची एक बाजू फिरवली की ॲक्सल सुमारे ०.२ मिमी सरकतो. एका वेळी एवढेच फिरवावे, आणि नेहमी सैलकडून ताठकडे जावे. नट टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याइतका आवळावा. आवळताना ॲक्सल किंचित हलतो, म्हणून त्यानंतर दोन्ही मापे पुन्हा घ्यावीत.

६. निष्कर्ष

नुसत्या प्लेच्या आकड्यावरून बेल्ट नीट बसला आहे असे म्हणता येत नाही, कारण तिरप्या ॲक्सलवरही तोच आकडा मिळू शकतो. म्हणून गाडीच्या वहीत प्ले, डावे अंतर आणि उजवे अंतर अशी तीन मापे एकत्र लिहावीत. पुढच्या तपासणीत यांपैकी कोणते बदलले ते कळले, की दोष बेल्टमध्ये आहे, ॲक्सलमध्ये आहे की स्विंगआर्ममध्ये, याचा शोध योग्य जागेपासून सुरू करता येतो.