‘पब्लिश’ दाबल्यावर पोस्ट कुठे जाते? ब्लॉग ते ट्विटर: एका खिडकीचा इतिहास

आजचा एपिसोड एका छोट्याशा चौकोनावर आहे. वर्डप्रेसवर लेख लिहून झाला की ‘पब्लिश’च्या आसपास एक पर्याय दिसतो: हा लेख सोशल मीडियावरही टाकायचा का? टिक केली की लेख साइटवर येतो आणि लिंक आपोआप तिकडे जाते. काम एका प्लगिनचं. पण त्या एका टिकमागे वीसेक वर्षांची ओढाताण आहे.

सुरुवात करूया २००३ पासून. मे महिन्यात मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली. तेव्हा फेसबुक नव्हतं, ट्विटरही नव्हतं. मग नवा लेख आलाय हे वाचकाला कळायचं कसं? आरएसएसने. १९९९ मध्ये आलेली ही साधी पद्धत. साइट स्वतःकडे एक फाइल ठेवते, त्यात नव्या लेखांची यादी असते. वाचकाचं अ‍ॅप अधूनमधून येऊन ती यादी बघून जातं. कुणाची परवानगी नको, कुठे खातं नको.

२००६ मध्ये ट्विटर आलं आणि त्याच वर्षी त्यांनी एपीआय खुला केला. एपीआय म्हणजे काय? रेल्वेची तिकीट खिडकी डोळ्यासमोर आणा. ठरलेल्या नमुन्यात फॉर्म भरून आत सरकवायचा, आतला माणूस काम करून देतो. इथे फॉर्म भरणारा माणूस नसून प्रोग्रॅम असतो, एवढाच फरक. मग अ‍ॅलेक्स किंग नावाच्या डेव्हलपरने ‘ट्विटर टूल्स’ हे वर्डप्रेस प्लगिन लिहिलं. ब्लॉगवर लेख टाकला की ट्वीट आपोआप. (आज सगळीकडे दिसणाऱ्या शेअर चिन्हांपैकी एक, तेही याच अ‍ॅलेक्स किंगचं!)

गंमत अशी, की सुरुवातीला अशा प्लगिनांना तुमचा ट्विटरचा पासवर्डच द्यावा लागायचा. म्हणजे दूधवाल्याला घराची किल्ली देण्यासारखं झालं. ३१ ऑगस्ट २०१० ला ट्विटरने हे बंद केलं आणि ओऑथ सक्तीचं केलं. आता किल्ली द्यायची नाही, दाराला पिशवी अडकवायची. दूध पिशवीत पडतं, दूधवाला घरात येत नाही. पिशवी काढून घेतली की व्यवहार संपला.

सुरक्षेच्या दृष्टीने हे शंभर टक्के बरोबर होतं. पण सोबत अजून एक गोष्ट बदलली. प्रत्येक अ‍ॅपला आता ट्विटरकडे नोंदणी करून स्वतःची ओळख घ्यावी लागली. खिडकीवर कोण उभं आहे हे आतल्या माणसाला नावानिशी कळायला लागलं. आणि ज्याचं नाव माहीत असतं, त्याला रांगेतून बाहेरही काढता येतं.

पुढे ऑटोमॅटिक या मुलेनवेग यांच्याच कंपनीने जेटपॅक आणलं. २०१२ पासून त्यात ‘पब्लिसाइज’ होतं: एकदा खातं जोडा आणि विसरून जा. तुमच्या साइटवरून निरोप वर्डप्रेस डॉट कॉमच्या सर्व्हरवर, तिथून ट्विटरवर. प्रत्येकाने वेगळी नोंदणी करायची कटकट मिटली. पण असंख्य साइट्स आता एकाच नावाने एकाच खिडकीवर उभ्या होत्या.

पहिला मोठा धक्का फेसबुकने दिला. मार्च २०१८ मध्ये केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरण उघड झालं, तेव्हा फेसबुकने बाहेरच्या अ‍ॅप्सचे हक्क कापले. १ ऑगस्ट २०१८ पासून पर्सनल प्रोफाइलवर प्लगिनमधून पोस्ट टाकणं बंद. फक्त पेज आणि ग्रुप उरले. कारण योग्यच होतं, लोकांच्या माहितीचं रक्षण. पण हातात फक्त प्रोफाइल असलेल्या साध्या ब्लॉगरची सोय गेली ती गेलीच. एप्रिल २०१९ मध्ये तर गूगल प्लसच बंद झालं, खिडकीसकट अख्खं स्टेशन!

आणि मग २०२३. इलॉन मस्क यांच्या ताब्यात गेलेल्या ट्विटरने फेब्रुवारीत जाहीर केलं की एपीआय आता फुकट नाही. फुकट एपीआयचा बॉट्स गैरवापर करतात, असं मस्क यांचं म्हणणं. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. मार्चअखेर नवे दर आले: महिन्याला १५०० ट्वीट टाकण्यापुरती फुकट पायरी, त्यावर महिना १०० डॉलरची, आणि मोठ्या कंपन्यांसाठी त्याहून कितीतरी महाग. एप्रिलच्या सुरुवातीला वर्डप्रेस डॉट कॉमचा अ‍ॅक्सेस अचानक बंद पडला, मग परत आला. बोलणी झाली, पण जमलं नाही. एप्रिल संपता संपता त्यांनी जाहीर केलं: ट्विटरवर आपोआप पोस्ट टाकणं थांबवतोय. दहा वर्षांची सवय तीन महिन्यांत संपली.

पण त्याच वर्षी, मार्चमध्ये, ऑटोमॅटिकने अजून एक प्लगिन विकत घेतलं होतं: मथियास फेफर्ले यांचं अ‍ॅक्टिव्हिटीपब. हा २०१८ पासून वेबचा अधिकृत मानक आहे. यात ब्लॉग दुसऱ्याच्या खिडकीवर जात नाही, ब्लॉग स्वतःच एक खातं बनतो. मास्टोडॉनवरचा माणूस तुमच्या साइटला थेट फॉलो करतो आणि त्याने दिलेलं उत्तर तुमच्या लेखाखाली कमेंट म्हणून येतं. अडचण एकच, आणि ती मोठी आहे: आपले मित्र, मावश्या, काका सगळे इन्स्टा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, मास्टोडॉनवर नाहीत.

मग करायचं काय? इंडीवेब नावाच्या चळवळीतले लोक २०१२ पासून एक सूत्र सांगतात: आधी स्वतःच्या साइटवर छापा, मग बाकी सगळीकडे प्रती पाठवा. प्लगिन जरूर वापरा, लोक जिथे आहेत तिथे जायलाच हवं. पण मूळ प्रत आपल्या डोमेनवर असू द्या. २०२३ मध्ये ज्यांचा लेख साइटवर होता, त्यांची फक्त एक वाट बंद झाली. ज्यांनी सगळं तिकडेच लिहिलं होतं, त्यांचं सगळं लेखन त्या एका मालकाच्या भरवशावर राहिलं.

जाता जाता एक गोष्ट. तुम्ही हा एपिसोड पॉडकास्ट अ‍ॅपवर ऐकत असाल, तर तो तुमच्या फोनवर आलाय त्याच जुन्या आरएसएसवरून. अ‍ॅप बदललंत तरी आम्ही तिथे सापडू. भेटूया पुढच्या भागात!