प्रवरेने काय उचलले, काय सोडले

माझी नोकरी साखर कारखान्याच्या शेतकी खात्यातली. ऊसनोंदीच्या वहीत सभासदाचे नाव, गट नंबर, क्षेत्र, उसाची जात आणि लागणीची तारीख लिहायची. त्या तारखेवरून तोडणीचा प्रोग्राम लागे. पावसाळ्यातल्या लागणीचा आडसालीवाला आधी, हिवाळ्याअखेरच्या लागणीचा सुरूवाला मागून. मग तो संचालक असो की दीड एकरवाला. सहकारी कारखाना या वहीवर उभा राहिला असे मी मानतो.

नगर जिल्ह्यात साखरेचे कारखाने आधीपासून होते, पण कंपन्यांचे. बेलापूर कंपनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन स्वतःच ऊस पिकवी, म्हणजे लागण, तोड आणि गाळप एकाच मालकाच्या हाती. सासवडच्या माळी बागायतदारांनी १९३२ साली स्वतःचा कारखाना काढला, पण तोही जॉइंट स्टॉक कंपनी करून. तिथे शेअर जास्त त्याचे मत जड.

नगर जिल्ह्यातच लोणीजवळ प्रवरा हा सहकारी कारखाना काढताना तिथले शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्यासमोर हे दोन्ही नमुने होते. तिसरा नमुना विठ्ठलरावांच्या हातचाच होता: १९२३ पासूनची लोणीची पतसंस्था. ऊस टाकायच्या गव्हाणीपासून साखर शिजवायच्या पॅनपर्यंतची यंत्रे कंपन्यांच्या कारखान्यासारखीच ठेवली, त्यात बदलण्यासारखे काही नव्हते. मतदान मात्र पतसंस्थेचे घेतले. शेअर कितीही असोत, माणशी एक मत. सोसायटीच्या कर्जाची वसुली थेट उसाच्या बिलातून होऊ लागली, आणि उधारीची जुनी डोकेदुखी गेली. जमीन ज्याची त्याच्याकडेच राहिली. पण मग शेकडो बांधांवरचा ऊस वेळेत गव्हाणीत पडायचा कसा? सहकारी कारखान्यांनी तोडणी-वाहतूक आपल्या हाती घेतली ती यासाठी. वाहतुकीचा खर्च सगळ्यांवर सारखा पसरला, आणि गेटजवळच्याला नि लांबच्याला एकच दर मिळू लागला. एवढा न्याय्य निर्णय या धंद्यात दुसरा झाला नाही. पुढे पुढाऱ्यांना लांबलांबचा ऊस ओढायचा मोहही त्यातूनच पडला, हे वाहतुकीची बिले तपासताना मी पाहिले आहे.

१९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचे गाळप सुरू झाले. मुंबई राज्याचे अर्थमंत्री वैकुंठभाई मेहता पाठीशी होते, सरकारने भागभांडवलही दिले. पाठोपाठ पन्नाशीच्या दशकातच सांगली, वारणा, इचलकरंजी असे कारखाने उभे राहिले. उपविधी, शेअरची पद्धत, बिलातून ठेवींची कपात, सरकारी भांडवल हे सगळे जसेच्या तसे गेले. एक गोष्ट मात्र गेली नाही. प्रवरेच्या शेतकऱ्यांनी पहिला अध्यक्ष म्हणून गाडगीळांना बसवले आणि सुमारे दहा वर्षे ठेवले. पुण्याच्या गोखले संस्थेतला हा अर्थशास्त्रज्ञ. उसाच्या राजकारणात त्यांचा गट नव्हता, पुढे कुठली निवडणूक काढायची नव्हती. नव्या कारखान्यांत ती खुर्ची बहुतेक ठिकाणी तालुक्याच्या नेत्याकडे गेली, आणि आमदारकीची वाट तिथूनच निघू लागली.