रेल्वेपुलांचे सबलीकरण

चंद्रपूरच्या कोळशाचा भार पुलावर वरून पडतो. इंजिनाची ओढ आणि ब्रेकचा जोर मात्र रुळांच्या दिशेने बसतो. जुन्या खांबांना जाच याचाच.

१९२९ मध्ये काझीपेट–बल्लारशाह जोड पूर्ण होऊन दिल्ली–मद्रास मार्ग सलग झाला, तो वाफेच्या इंजिनांच्या काळात. आता एका आसावर २२.९ टन भार असलेल्या मालगाड्या धावतात.

जुन्या पुलांवरच्या या वाढलेल्या भारावर उपाय म्हणून खांबाभोवती प्रबलित काँक्रीटचे आवरण चढवतात, दगडी सांध्यांत सिमेंटचे पातळ मिश्रण दाबाने भरतात. गर्डरखालचे रोलर गंजून जाम झाले, की उन्हाने प्रसरणारे पोलाद खांबालाच रेटते. मग जॅकने गर्डर उचलून बेअरिंग बदलतात.

ब्रह्मपुरी–वडसादरम्यान वैनगंगा ओलांडणारा मार्ग ७६२ मिमीचा नॅरोगेज होता, तो १६७६ मिमीचा ब्रॉडगेज झाला. अशा रुंदीकरणात नुसत्या डागडुजीने भागत नाही.