हापशातले चामडे

माझे बालपण लकडगंजात गेले. नागपूरच्या इतवारीला लागून असलेली ही वस्ती नावाप्रमाणेच लाकडाची. बल्लारशा-आलापल्लीकडचे सागवान इथे उतरायचे. आरा मशिनी दिवसभर किंचाळायच्या आणि भुशाचा वास घराघरांत भरून राहायचा. माझा बाप एका टालावर ओंडके चढवीत-उतरवीत असे. त्याने शाळेचे तोंड पाहिले नव्हते. पण कोणते लाकूड कोणत्या कामाचे, हे विचारायला मिस्त्री त्याच्याकडे येत. बंडीच्या कण्याला धावडा का लागतो, त्याला तेल किती पाजायचे, हे तो ओंडक्यावर थाप मारून सांगे. या ज्ञानाला कोणी ज्ञान म्हटले नाही. हजेरीपटावर तो शेवटपर्यंत हमालच राहिला.

पुढे पुष्कळ वर्षांनी झिंबाब्वेच्या बुश पंपाचे वर्णन माझ्या वाचनात आले आणि मला बाप आठवला. हा पंप १९३३ साली तेव्हाच्या ऱ्होडेशियात टॉमी मर्गाट्रॉइड या पाणीपुरवठ्याच्या अधिकाऱ्याने तयार केला. त्याच्या दांड्याचा सगळा भार कठीण लाकडाच्या एका ठोकळ्यावर असतो. हा ठोकळा तेलात उकळून घेतात. झिजला तर गावातल्या गावात दुसरा करता येतो. झिंबाब्वे १९८० साली स्वतंत्र झाला. त्यानंतर पीटर मॉर्गन यांनी या पंपात सुधारणा केल्या आणि त्यावर पेटंट घेतले नाही. कोणीही करावा, कोणीही वापरावा. बंडीच्या कण्याचे जे शास्त्र माझ्या बापाला ठाऊक होते, ते आफ्रिकेतल्या खेड्यांना पाणी पाजत होते. लकडगंजात मात्र ते एका हमालाबरोबर संपले.

गरीब देशांनी एकमेकांपासून तंत्रज्ञान शिकावे, असे आपण नेहमी ऐकतो. त्याबद्दल दुमत नाही. माझा प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे. देशादेशांत फिरणारे हे ज्ञान मुळात कोणाचे असते, आणि फिरून आल्यावर ते कोणाच्या हाती पडते? याचे उत्तर शोधायला आपल्याच महाराष्ट्रात जन्मलेल्या एका यंत्राचा इतिहास पुरेसा आहे. ते यंत्र म्हणजे हापसा. आमच्या विदर्भात त्याला बोरिंग म्हणतात.

१९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळानंतर युनिसेफच्या मदतीने खडक फोडणारी छिद्रणयंत्रे आपल्या देशात आली. दख्खनच्या काळ्या कातळात विंधनविहिरी होऊ लागल्या. पाणी लागले, ते वर काढायचे कसे, हा प्रश्न राहिला. बसवले गेले ते बिडाचे हापसे, मूळ युरोप-अमेरिकेतल्या एखाद्या कुटुंबाच्या अंगणासाठी घडवलेल्या पंपांच्या नकला. तिथे दिवसातून दहा-वीस बादल्या निघत असतील. इथे सबंध गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत दांडा मारणार. बीड तडकले, खिळा झिजला, हापसा बंद पडला. १९७२ चा दुष्काळ आला तेव्हा विहिरी होत्या, पण हापसे मोडलेले होते.

उत्तर निघाले ते जालना आणि सोलापूर येथील मिशनच्या मंडळींच्या वर्कशॉपमधून. बिडाऐवजी जोडकाम केलेले पोलाद वापरले गेले. दांडा एकाच आसावर फिरू लागला. दांड्याच्या टोकाशी साखळी आली, म्हणून आतली सळई वाकडीतिकडी न ओढली जाता सरळ वर येऊ लागली. पंपाचा पाया विहिरीच्या नळीवर न ठेवता सिमेंटच्या ओट्यात रोवला गेला. या सोलापुरी हापशावरूनच भारत सरकार, युनिसेफ आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रूडास ही सरकारी कंपनी यांनी मिळून 'इंडिया मार्क २' तयार केला. कोईमतूर भागात त्याच्या चाचण्या झाल्या. १९७९ साली त्याचे भारतीय मानक ठरले. यावरही कोणाचे पेटंट नाही.

सोलापूरच्या मूळ हापशाचा कर्ता कोण? काही लेखनात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश मिशनऱ्याचे नाव येते. काही ठिकाणी 'स्वतःच शिकलेला एक हिंदी मेकॅनिक' एवढेच लिहिलेले असते. मिशनऱ्याचे श्रेय मला नाकारायचे नाही. पण साहेबाला नाव असते आणि मेकॅनिकला केवळ वर्णन असते, ही गोष्ट आपल्या वाचकांना नवी वाटणार नाही.

आता या हापशाच्या पोटात उतरू. जमिनीखाली दूरवर एक सिलिंडर असते. त्यात दट्ट्या वरखाली होतो आणि दट्ट्याला वाटीच्या आकाराचे वायसर असते. या वायसरने सिलिंडरची भिंत घट्ट धरली तरच पाणी वर चढते. पुढे ते रबराचे झाले. पण सुरुवातीच्या काळात, आणि त्यानंतरही बरीच वर्षे, ते चामड्याचे होते.

१९८१ च्या उन्हाळ्यात मी एका खेड्यात नवाच शिक्षक होतो. गावाच्या मधोमध असलेला हापसा बंद पडला. अर्जविनंत्या होऊन तीन आठवड्यांनी दुरुस्तीची गाडी आली. तिपाई उभी राहिली, पाईप एकामागून एक वर निघाले आणि शेवटी कळले की वायसर फाटले आहे आणि पथकाकडे नवे नाही. गाडी परत गेली तर पुन्हा किती दिवस, कोण सांगणार? तेव्हा आमच्या वस्तीला लागून राहणाऱ्या चर्मकार काकांना बोलावणे गेले. त्यांनी जुने वायसर बोटांनी चाचपले, कमावलेल्या कातड्याचा एक तुकडा कापला, तेलात भिजवला, लाकडी साच्यावर ठोकून वाटी केली आणि दिली. तासाभरात पाणी आले. ओट्यावरच्या लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांची सून घागर घेऊन त्याच ओट्यावर गेली. तिला बाजूला उभे राहायला सांगितले गेले. दुसऱ्या कोणी तरी तिच्या घागरीत वरून पाणी ओतले. तिचा हात चुकून दांड्याला लागला होता, म्हणून एका बाईने तो दांडा धुतला. ज्या पाण्याने धुतला, ते पाणी तिच्या सासऱ्याने केलेल्या चामड्यातून वर आलेले होते. मी समोर उभा होतो. मी मास्तर होतो, बौद्ध होतो, बाबासाहेबांचे नाव घेत होतो आणि मी गप्प राहिलो. नोकरी नवी होती, हे त्याचे कारण. समर्थन नव्हे.

विटाळाचे शास्त्र किती पोकळ आहे, हे सांगायला यापेक्षा वेगळा पुरावा नको. पण माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. त्या दिवशी हापशाचे ज्ञान त्या गावात होते. ते सरकारी गाडीत नव्हते, काकांच्या हातात होते. तरी दुरुस्तीच्या नोंदीत त्यांचे नाव आले नाही आणि पाना त्यांच्या हाती कोणी दिला नाही.

याच सुमारास जगात काय चालले होते? १९७७ च्या मार्चमध्ये अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे संयुक्त राष्ट्रांची पाणी परिषद झाली. १९७८ च्या सप्टेंबरात ब्यूनोस आयर्स येथे विकसनशील देशांच्या परस्पर तांत्रिक सहकार्याचा कृती आराखडा १३८ देशांनी मंजूर केला. १९८१ ते १९९० हे पाण्याचे दशक ठरले. महाराष्ट्रातल्या वर्कशॉपांत सुरू झालेला हापसा या वाटेने आफ्रिकेत गेला. मालीत तो 'इंडिया-माली' नावाने तयार होऊ लागला. युगांडाने त्याला थोडा बदलून 'यू-२' हे आपले मानक केले.

तिकडे त्याचे दोषही उघडे पडले. अनेक ठिकाणी तिथल्या आम्लधर्मी पाण्याने लोखंडी पाईप गंजले. शिवाय एक वायसर बदलायला सगळे पाईप उपसावे लागतात, त्यासाठी गाडी आणि पथक लागते, हे जसे आपल्या खेड्याला जड गेले तसे तिकडच्याही खेड्याला जड गेले. मलावी व केनियात त्यावर विचार झाला आणि 'अ‍ॅफ्रिदेव' हा पंप निघाला. त्याचा दट्ट्या पाईप न काढता वर येतो आणि दुरुस्तीला फार थोडी हत्यारे पुरतात. आपल्याकडच्या 'मार्क ३' मागेही हाच विचार आहे. पुढे अ‍ॅफ्रिदेव भारतातल्या कारखान्यांतही तयार झाला. देणेघेणे असे दोन्ही बाजूंनी झाले आणि ते अभिमानास्पद आहे.

आमच्या नागपूरचाही त्यात वाटा आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या आणि १९७४ पासून 'नीरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने फ्लोराइडयुक्त पाणी शुद्ध करण्याची 'नलगोंडा पद्धत' शोधली. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर एवढेच तिचे साहित्य. ती टांझानियातील खेड्यांपर्यंत गेली आणि तिथे घरच्या बादलीत बसेल अशी केली गेली. फ्लोराइडने दात डागाळतात, हाडे वाकतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या गावांना हे दुखणे माहीत आहे. या पद्धतीत तुरटी रोज मोजून टाकावी लागते, गाळ रोज काढावा लागतो. ते मोजमाप ज्या बाईला पाणी भरायचे आहे तिला शिकवले नाही, तर नागपुरातले ज्ञान टांझानियाला पोहोचूनही नागपूरपासून शंभर मैलांवरच्या वस्तीत पोहोचत नाही.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून त्यांनी पाण्यावरचा हक्क सांगितला, हे आपण दरवर्षी आठवतो. पण १९४२ साली व्हाइसरॉयच्या मंडळात असताना दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य मुलांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या शिष्यवृत्त्या मागितल्या, सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी मागितली, हे आपण कमी आठवतो. पहिला लढा पाण्याला हात लावण्याचा होता. दुसरा यंत्राला हात लावण्याचा आहे. महाडचा वारसा सांगणाऱ्या आपल्या चळवळीने दुसऱ्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही, असे मला कष्टाने म्हणावे लागते.

ते घडू शकते, याचा दाखला आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या कामातून दलित आणि कोल आदिवासी स्त्रिया हापसे दुरुस्त करायला शिकल्या. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती. ज्या बाईला ओट्यावर चढू देत नव्हते, तिलाच पाना घेऊन ओट्यावर बोलवावे लागले. बंद हापशापुढे सोवळ्याचा नाइलाज होतो. जात तेवढ्याने मेली असे मी म्हणणार नाही. पण हापसा कोणी उघडायचा याचा निर्णय त्या स्त्रियांच्या हाती आला.

आज अनेक गावांत नळ आले आहेत. मोटार, टाकी, तोट्या, मीटर अशी यंत्रे बदलतील. सौरपंप येतील, कुठल्या तरी देशातून आणखी काही येईल, आपले काही तिकडे जाईल. अशा वेळी कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी दोन गोष्टी विचाराव्यात. हे बिघडले तर आपल्या वस्तीतले कोण उघडणार? आणि त्याचे किंवा तिचे नाव ग्रामपंचायतीच्या वहीत कोणत्या रकान्यात लिहिलेले आहे?

माझ्या बापाचे नाव हमालांच्या रकान्यात होते. चर्मकार काकांचे तर कोणत्याच रकान्यात नव्हते. १९८१ च्या त्या सकाळी मी बोललो नाही, म्हणून आज हे लिहिले.